पुरात बुडालेली आणि ‘बॉबर’ करताना कापलेली बुलेट: काम कुठून सुरू करावे

भिलवडीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आजोबांनी १९७२ साली घेतलेली ३५० सीसीची बुलेट चुलतभावाने २०१८ मध्ये एका गॅरेजला ‘बॉबर’, म्हणजे बरेच भाग काढून आखूड, उघडी गाडी, करण्यासाठी दिली. तेथे चेसिसचा मागचा भाग कापून आखूड केला गेला, दोन्ही मडगार्ड आणि टूलबॉक्स काढले गेले, मागे जाड टायर बसावा म्हणून स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा काटा) फाकवला गेला, मूळ वायरिंग तोडले गेले आणि लांब सायलेन्सरच्या जागी एक सरळ नळी आली. गाडी जेमतेम दोन महिने चालली, मग गोठ्यात उभी राहिली आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तीन-चार दिवस पाण्याखाली होती. आता ती मूळ रूपात आणायची आहे. सुरुवात इंजिनापासून करावी की रंगापासून, आणि एवढा खटाटोप करण्यासारखे तिच्यात काही उरले आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

सुरुवात इंजिनापासूनही करू नका आणि रंगापासूनही करू नका. सुरुवात चेसिसपासून करावी. आणि त्याच्याही आधी एक रिकामे पोते घेऊन त्या गॅरेजमध्ये जावे. हे मी गमतीने लिहीत नाही. अशा गॅरेजमधून काढलेले भाग लगेच भंगारात जातातच असे नाही. माळ्यावर किंवा मागच्या भिंतीशी वर्षानुवर्षे पडून राहतात. जुने मडगार्ड, टूलबॉक्स, चेनकव्हर, मडगार्डच्या पट्ट्या, साइड स्टँडचा कान, हेडलाइटच्या आवरणातला अ‍ॅमीटर, यांतले जे मिळेल ते पोत्यात भरून आणावे. तेथे जाऊन भांडण उकरून काढले, तर ‘आमच्याकडे काही नाही’ हे उत्तर ठरलेलेच आहे. गोड बोलावे, चहा घ्यावा, हवे तर चार पैसे द्यावेत. आज बाजारात मिळणाऱ्या नव्या मडगार्डचा पत्रा जुन्यापेक्षा पातळ असतो, भोके जागेवर येत नाहीत आणि ती जागेवर आणण्यासाठी मिस्त्री पुन्हा ड्रिल हातात घेतो. गंजलेला का असेना, स्वतःच्या गाडीचा मूळ भाग नेहमीच अधिक मोलाचा.

आता चेसिस. बुलेटच्या जुन्या चेसिसची रचना समजून घेतल्याशिवाय तिला वेल्डिंग रॉड लावणे हा अपराध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या चेसिसला इंजिनाखालून जाणारी नळीच नसते. पुढची नळी खाली येऊन इंजिनाच्या पुढच्या बाजूला थांबते आणि तेथून मागच्या भागापर्यंतचा दुवा स्वतः इंजिनच असते. म्हणजे इंजिन हा चेसिसचाच एक अवयव आहे. इंजिन काढून ठेवलेल्या चेसिसला कापून जोडले की उष्णतेने ती खालच्या बाजूला किंचित उघडते किंवा मिटते, आणि नंतर इंजिन बसवताना मिस्त्री पहार घालून भोके जुळवतो. भोके जुळतात, स्टड आत जातो, पण त्या क्षणापासून इंजिनाची केस सतत ताणाखाली राहते. काही महिन्यांनी केसच्या कानाला, म्हणजे स्टड जातो त्या भोकाभोवतीच्या भागाला, बारीक चीर पडते आणि सगळे जण ‘बुलेट थरथरते फार’ असे म्हणून मोकळे होतात.

म्हणून मागचा भाग पुन्हा जोडताना रिकामी क्रँककेस, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाची आत काहीही नसलेली दोन अर्धुके, आणि गिअरबॉक्सचे कवच जागेवर बसवून सर्व स्टड पूर्ण घट्ट करावेत आणि मगच टाके घालावेत. त्यासाठी मी एक जुनी, निकामी क्रँककेस अनेक वर्षे जपून ठेवली आहे. तिचा दुसरा काहीही उपयोग नाही. स्टडसुद्धा पाहून घ्यावेत. मी पाहिलेल्या अशा बहुतेक गाड्यांत मूळ स्टड हरवलेले असतात आणि त्यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातली अखंड आट्यांची सळई कापून घातलेली असते. ती मऊ असते, आट्यांमुळे भोकात पूर्ण टेकत नाही आणि भोक हळूहळू लंबगोल करते.

जोडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे वाया जाण्याची खरी जागा हीच आहे. जुन्या चेसिसमध्ये नळ्या ज्या लगमध्ये (सांध्याच्या खोबणीत) शिरतात, तेथे त्या पितळाने ब्रेझ केलेल्या, म्हणजे वितळलेले पितळ सोडून सांधलेल्या असतात. अशा जोडाच्या जवळ आर्क वेल्डिंग केले की वितळलेले पितळ पोलादात शिरते आणि वेल्ड वरून कितीही गुबगुबीत दिसला तरी त्याच्या कडेने पोलाद तडकते. आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली उत्तम जोडणारे वेल्डर गावोगाव आहेत, त्यांचा हात वाईट नाही. पण ट्रॉलीचे चॅनल आणि मोटारसायकलची पातळ नळी यांत फरक आहे. मिरजेच्या एका गाडीवर मी रंग खरवडला तेव्हा आधी बोटभर जाडीची पुट्टी निघाली, पुट्टीखाली ग्राइंडरने घासून सपाट केलेला वेल्ड निघाला, आणि तो कापल्यावर नळीच्या आत स्लॅबसाठी वापरतात ती पिळाची सळई ठोकून बसवलेली सापडली. ती सळई नळीला कोठेही नीट टेकत नव्हती. गाडीचे मालक पत्नी आणि मुलाला घेऊन त्या गाडीवरून नृसिंहवाडीला जात-येत होते.

योग्य पद्धत अशी की कापलेला भाग निरोगी धातूपर्यंत मागे कापावा, त्याच बाहेरच्या व्यासाची अखंड नळी घ्यावी, आत चपखल बसणारी लेथवर काढलेली स्लीव्ह घालावी, आणि टिग वेल्डिंगने जोडावे. लगच्या जवळ मात्र पुन्हा ब्रेझिंगच करावे. वेल्ड घासून सपाट करू नये. घासलेला वेल्ड छान दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते. दुसऱ्या भंगार बुलेटचा मागचा भाग मिळाला तर तो जोडणे अधिक सोपे आणि मापाला अधिक खरे पडते.

चेसिस सरळ आहे की नाही हे पाहायला महागडी यंत्रे लागत नाहीत. सपाट फरशीवर चेसिस चारी बाजूंनी पाचर लावून उभी करावी, स्विंग आर्मच्या भोकातून एक सरळ दांडा आडवा घालावा आणि स्टिअरिंगच्या गळ्यातून दुसरा. आडव्या दांड्यावर पाणसळ ठेवून ती समपातळीत आणावी, मग समोर उभे राहून गवंड्याचा ओळंबा गळ्यातील दांड्याशेजारी सोडावा. समोरून पाहताना दांडा आणि दोरी एकरेष दिसली पाहिजेत. चाके बसल्यावर मागच्या चाकाभोवती सुतळी बांधून दोन्ही बाजूंनी पुढे ओढावी आणि पुढचे चाक तिच्या बरोबर मधोमध येते का ते पाहावे. फाकवलेला स्विंग आर्म पुन्हा दाबून सरळ करण्याचा मोह टाळावा, तो बदलावाच.

हा क्रम मी पुस्तकात वाचून सांगत नाही. उमेदीच्या काळात मी एका गाडीचे इंजिन आधी उघडले, मन लावून बांधले, काळा रंग आणि सोनेरी रेषा करून घेतल्या आणि सांगली-पेठ रस्त्यावर चाचणीला नेली, तर गाडी सतत डावीकडे ओढत होती. हँडल सोडण्याची सोयच नव्हती. चेसिस गळ्याशी पिळलेली होती. तो सगळा नवा रंग मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खर्चाने खरवडला.

आता इंजिनाकडे. सर्वांत पहिली सूचना अशी की किक मारू नका. पुरातून निघालेल्या गाडीला ‘फिरते का बघू’ म्हणून मारलेली एक किक, कृष्णेचा गाळ रिंगांच्या खाचांत आणि तेलपंपात नेऊन बसवते. काळ्या मातीचा हा गाळ चिमटीत चोळला तर साबणासारखा गुळगुळीत लागतो, त्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात बेअरिंगच्या पृष्ठभागावर तो पॉलिश पेपरचे काम करतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे करून ओतावे, आठवडाभर तसेच ठेवावे आणि मग हेड उघडावे. पिस्टन अडकला असेल तर वरून हातोडी मारू नये. सिलिंडर बिडाचा आहे. गरम पाण्याने किंवा हलक्या ज्योतीने तो बाहेरून तापवला की ॲल्युमिनियमचा पिस्टन सैल होऊन सरकू लागतो. धीर ठेवावा, दोन-तीन दिवस गेले तरी हरकत नाही.

मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर. पुराच्या पाण्याने सिलिंडरला रिंगा थांबलेल्या जागी गंजाचे कडे पडलेले असते. नखाला ते लागत असेल तर बोअर करणे अटळ आहे. पिस्टन आधी हातात घ्यावा आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करावा, उलट कधीही करू नये. बोअरिंग आणि क्रँकचे काम मी आजही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पाठवतो. सांगलीच्या माणसाने हे लिहिणे काहींना रुचणार नाही, पण जेथे पिढ्यान् पिढ्या बीड ओतले आणि कातले जाते तेथील हात वेगळा असतो.

क्रँकबद्दल कोणतीही तडजोड करू नये. त्या काळातील बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो त्या टोकाला, रोलर बेअरिंग नसून फिरता बुश असतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि स्वच्छ तेल मिळाले तर फार वर्षे टिकतो; गाळ गेला की मात्र त्याचे आयुष्य तासांत मोजावे. तेलाचा साठा वेगळ्या टाकीत नसून क्रँककेसच्याच मागच्या कप्प्यात असतो, त्यामुळे तो कप्पा केस पूर्ण सुटी करून, केरोसीन आणि बाटली धुण्याच्या ब्रशने धुतल्याशिवाय स्वच्छ होत नाही. ‘तेल दोनदा बदलले, आता स्वच्छ आहे’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मेन बेअरिंग, चाकांची बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या कप-गोळ्या पाहत बसू नयेत, सरळ नव्या घालाव्यात.

याच ठिकाणी एक करंगळीच्या नखाएवढी वस्तू आहे, जिच्यामुळे अनेक नव्याने बांधलेली इंजिने निकामी झाली. टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात तेल जाते त्या जागी कॉर्कचे एक छोटे सील असते. ते वाळले, तुटले किंवा घाईत तिरके बसले, तर दाबाचे तेल बिग एंडकडे न जाता तेथूनच खाली सांडते. गंमत अशी की रॉकरला (हेडमधल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) जाणारे तेल परतीच्या पंपाकडून येते. त्यामुळे रॉकरची नळी सैल केली तर तेल भरभरून येताना दिसते, मिस्त्री समाधानाने मान डोलावतो आणि तिकडे बिग एंड कोरडा फिरत असतो. नवे सील रात्रभर तेलात भिजवावे, बसवताना ते कव्हरकडून किंचित दाबले जाते की नाही हे बोटाने पाहावे, आणि कव्हर बंद करण्यापूर्वी फिल्टरची पोकळी तेलाने भरून घ्यावी. तेल २०डब्ल्यू-५० वापरावे.

आट्यांविषयी एक सूचना. ही गाडी मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर कारखान्यात बनली असली तरी तिचा आराखडा इंग्लंडमधील रेडिचचा आहे. १९५५ मध्ये रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया स्थापन केली आणि यंत्रसामग्री त्याच मापांची आली. त्यामुळे जुने नट-बोल्ट इंची मापाचे आणि ब्रिटिश आट्यांचे आहेत. बॉबर करणाऱ्याने बहुधा १० एमएमचे बोल्ट पाना लावून जबरदस्तीने आत घातले असतील. असा बोल्ट चार फेरे सहज जातो, मग जड जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे सोबत घेऊन बाहेर येतो. प्रत्येक भोकात योग्य टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हाताने फिरवून पाहावा, आणि जेथे आटे गेले आहेत तेथे मोठा बोल्ट न घालता हेलीकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून मूळ मापावर यावे.

इग्निशनचे काम सोपे आहे. पॉइंटचे (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचे) अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे. ऑटो-अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) वजने मिटलेली असताना, कॉम्प्रेशनच्या वेळी पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडावेत. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन थंड असताना लावावेत. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

वायरिंगमध्ये मूळ ६ व्होल्टची व्यवस्था पुन्हा उभी करावी की १२ व्होल्ट करावे, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. रात्री गाडी चालवायची असेल तर मी १२ व्होल्टच्या बाजूचा आहे, मात्र त्यासाठी स्टेटर, रेक्टिफायर आणि रेग्युलेटर हे तिन्ही जुळवून बदलावेत. नुसती १२ व्होल्टची बॅटरी ठेवून काम भागवणे हा प्रकार आपल्या गाडीत झाला असण्याची शक्यता मोठी आहे. काढलेले जुने भाग डब्यात नाव लिहून ठेवावेत. अ‍ॅमीटर मात्र परत बसलाच पाहिजे. तो शोभेसाठी नाही. इग्निशन चालू करून किक हळू दाबत गेल्यास पॉइंट उघडतात त्या क्षणी काटा मध्यावर येतो. मग डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारी) दाबून किक थोडी पुढे न्यायची, लिव्हर सोडायची आणि पूर्ण किक मारायची. बॉबर केलेल्या गाड्या पोटरीवर उलट किक मारतात याची जी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण हा काढून फेकलेला काटाच असतो.

सरळ नळी आणि उघडा फिल्टर लावल्यावर बहुतेक वेळा कार्बोरेटरचा मेन जेटही बदललेला, किंवा सुईने भोक मोठे केलेला असतो. मूळ सायलेन्सर आणि एअर फिल्टर परत लावून तोच जेट ठेवला तर प्लग काळा पडत राहील. जेट नवा घ्यावा. टाकी आतून गंजली असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने इलेक्ट्रोलिसिस करावे, म्हणजे बाहेरचा मूळ रंग वाचतो. गळती असलेल्या टाकीला वेल्डरकडे नेण्याआधी ती पाण्याने पूर्ण भरावी. पेट्रोलची वाफ महिनोन् महिने टाकीत राहते. रंगाबद्दल अधिक लिहीत नाही. टाकीवरच्या सोनेरी रेषा स्टिकरने न करता ट्रकवर नक्षी काढणाऱ्या एखाद्या जुन्या पेंटरकडून ब्रशने काढून घ्याव्यात, एवढेच.

कागदपत्रांची बाजू चेसिसला हात लावण्यापूर्वीच तपासावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळे करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ रूपाकडे परत जाणे हे नोंदणीशी जुळतेच. मात्र चेसिस नंबर कोरलेली जागा घासू नये, तेथे पुट्टी भरू नये, आणि भंगारातून आणलेल्या संपूर्ण चेसिसवर आपला नंबर कोरून देणाऱ्या माणसाच्या दारात उभे राहू नये, कारण तो सरळ गुन्हा आहे. आर.सी. पुस्तकावर आजोबांचेच नाव असेल तर वारसाच्या नावे हस्तांतर आधी करावे, आणि जुनी नोंद संगणकावर चढली आहे का हे आर.टी.ओ.त विचारावे.

गाडीने ५० वर्षे पार केली असल्याने २०२१ च्या नियमांनुसार तिची विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंद करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. पण चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे ही अट आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपण भिलवडीहून सांगलीला अधूनमधून गाडीने येण्याची इच्छा लिहिली आहे. तसे असेल तर विंटेजच्या मागे न लागता नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी, असा माझा सल्ला आहे.

यात उरले काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर चेसिसच्या त्या कापलेल्या जोडांवर आणि क्रँककेसच्या कानांवर अवलंबून आहे. बाकी सर्व वस्तू पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत पैसे टाकून मिळतात. तेव्हा कोणाकडूनही खर्चाचा अंदाज घेण्यापूर्वी मागच्या दोन्ही जोडांवरचा रंग आणि पुट्टी धातू दिसेपर्यंत खरवडा, इंजिनाच्या पुढच्या-मागच्या स्टडभोवतीचा तेलकटपणा केरोसीनने पुसून घ्या, आणि दिवसाच्या उजेडात जवळून काढलेली छायाचित्रे पाठवा. कानाला चीर आहे की नाही हे कळावे म्हणून पुसलेल्या जागेवर खडूची पूड लावून एक रात्र ठेवा. चीर असेल तर आत मुरलेले तेल सकाळी खडूवर काळी रेघ होऊन उमटलेले दिसेल.